राहिलेला कंस

प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात, साधारण दोनशे चाळिसाव्या ओळीवर, एका तळटिपेसाठी महिरपी कंस उघडला आणि मिटायचा राहून गेला. लिहिणारीच्या ते लक्षात आलं नाही. ती पुढे आणखी सहाशे ओळी लिहून गेली. संध्याकाळी फाइल कंपाइल करायला घेतली तेव्हा पडद्यावर आलं : ‘रनअवे आर्ग्युमेंट?’ त्याखाली तक्रार अशी, की वाचता वाचता फाइलच संपली. चूक दोनशे चाळिसाव्या ओळीवर, आणि बोट दाखवलेलं फाइलच्या तळाशी. जुळणी करणाऱ्या टेक या प्रोग्रॅमच्या बाजूने पाहिलं तर त्याचं काही चुकलेलं नाही. कंस मिटेपर्यंतचा सगळा मजकूर तळटिपेचाच आहे असं त्याला सांगितलं गेलं होतं. तो निमूटपणे मिटत्या कंसाची वाट पाहत शेवटापर्यंत गेला. ही कोणा एकीची गोष्ट नाही. लाटेकमध्ये लिहिणाऱ्या प्रत्येकावर अशी संध्याकाळ कधी ना कधी येतेच.

ही फाइल साध्या नोटपॅडमध्ये लिहिलेली असेल तर उपाय एकच. अर्धा मजकूर टक्क्याच्या चिन्हांमागे झाकायचा, उरलेला कंपाइल करून पाहायचा, चूक कोणत्या अर्ध्यात आहे ते ठरवायचं, मग त्या अर्ध्याचा अर्धा. विहिरीत पडलेली कळशी गळ टाकून शोधावी तसं. लाटेक समजणारा एडिटर असता तर उघडता कंस टाकताक्षणीच त्याच्या पुढ्यात मिटता कंस उमटला असता. चुकून खोडला गेलाच, तर कर्सर तिथे नेल्यावर बिनजोडीचा कंस वेगळ्या रंगात दिसला असता. सहाशे ओळी पुढे जाण्याची वेळच आली नसती.

गणित, भौतिकी, संगणकशास्त्र, अर्थशास्त्र अशा विषयांत लेख, प्रबंध आणि पाठ्यपुस्तकं लिहिणाऱ्यांमध्ये ‘एडिटर कोणता वापरावा’ हा वाद कित्येक वर्षं चालू आहे. तो बहुतेक वेळा शॉर्टकट, रंगसंगती आणि निष्ठा यांच्याच भाषेत होतो. खरं तर तो या कंसापासून सुरू व्हायला हवा. चूक होते कधी आणि दिसते कधी, यांतलं अंतर एडिटर किती कमी करतो, हे आधी पाहावं. लगेच त्याच्या जोडीला दुसरी गोष्ट पाहावी : हे करताना तो लेखकाच्या फाइलवर स्वतःचा हक्क तर सांगत नाही ना?

टेकचा जन्मही दिसण्याच्या दुखण्यातूनच झाला. डोनाल्ड कनूथ यांच्या ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या ग्रंथाचा पहिला खंड १९६८मध्ये आला, तेव्हा गणिताची जुळणी मोनोटाइप यंत्रावर, धातूच्या खिळ्यांनी होत असे. १९७७मध्ये दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं त्यांच्या हाती आली. मधल्या काळात छपाई फोटो-टाइपसेटिंगकडे वळली होती, आणि त्या मुद्रितांचं रूप पाहून कनूथ खट्टू झाले. पुस्तक तसंच छापू द्यायचं नाही असं ठरवून त्यांनी जुळणीचा प्रोग्रॅम स्वतःच लिहायला घेतला. काही महिन्यांचं काम वाटलं होतं. ते सरायला सुमारे दहा वर्षं लागली. १९८०च्या दशकात लेस्ली लॅम्पोर्ट यांनी त्यावर सोप्या आज्ञांचा एक थर चढवला. तोच लाटेक, आपल्याकडच्या कॉलेजांत ज्याला सर्रास ‘लेटेक’ म्हणतात.

लाटेकमध्ये लिहिणं म्हणजे साधा मजकूर लिहिणं. प्रकरणाचं नाव, समीकरण, तक्ता, तळटीप या सगळ्यांना बॅकस्लॅशने सुरू होणाऱ्या आज्ञा असतात आणि त्या आज्ञांचा मजकूर महिरपी कंसांत बसतो. ही फाइल टेकच्या हाती दिली की तो ओळी पाडतो, पानं लावतो, क्रमांक घालतो आणि पीडीएफ बाहेर काढतो. लिहिणं एकीकडे, जुळणी दुसरीकडे. जुन्या छापखान्यात लेखकाचं हस्तलिखित आणि जुळाऱ्याचा खिळ्यांचा खण जसे वेगळे होते, तशीच ही विभागणी आहे. लेखकाने कोणत्या पेनाने लिहिलं हे जुळाऱ्याने कधी विचारलं नाही. मजकूर कोणत्या एडिटरमधून आला, हे टेकलाही कळत नाही.

एडिटर निवडायचं स्वातंत्र्य या विभागणीतून येतं, आणि त्या निवडीतला धोकाही तिच्यातूनच कळतो.

भौतिकी आणि गणितातले शोधनिबंध छपाईआधी जिथे ठेवले जातात तो अर्काइव्ह हा संग्रह पॉल गिन्सपार्ग यांनी १९९१मध्ये सुरू केला. तिथला एक नियम लक्षात ठेवण्याजोगा आहे : निबंध टेकमध्ये लिहिला असेल तर नुसती पीडीएफ चालत नाही, मूळ टेक फाइल द्यावी लागते. ती साधी मजकूर-फाइल असल्यामुळे पुढेही वाचता येते, पुन्हा जुळवता येते. तीस वर्षांपूर्वी कोणी कोणत्या एडिटरमध्ये तो निबंध लिहिला, याची नोंद तिथे नाही. तिची कोणाला गरजही पडलेली नाही.

याउलट काय होतं, हे सायंटिफिक वर्ड या प्रोग्रॅमच्या बाबतीत दिसलं. नव्वदच्या दशकात अनेक अर्थशास्त्रज्ञ आणि गणिती तो वापरत. समीकरण पडद्यावर समीकरणासारखंच दिसे आणि पोटात लाटेक असे. पण त्या लाटेकमध्ये प्रोग्रॅमच्या स्वतःच्या आज्ञा मिसळलेल्या असत. त्यांच्या व्याख्यांची वेगळी फाइल जोडल्याशिवाय ती दुसरीकडे नीट चालत नसे, आणि सहलेखकाला पाठवण्यासाठी फाइल निराळ्या रूपात साठवावी लागे. हा प्रोग्रॅम बनवणाऱ्या कंपनीने २०२१मध्ये काम थांबवलं. तिने प्रोग्रॅम सगळ्यांना खुला करून टाकला ही चांगली गोष्ट. पण वीस-वीस वर्षांच्या फाइली ज्यांच्याकडे होत्या, त्यांना त्या सोवळ्या लाटेकमध्ये आणण्याचा खटाटोप चुकला नाही.

त्याच्याशेजारी ॲटम ठेवून पाहावा. गिटहबने २०१४मध्ये आणलेला हा देखणा एडिटर लाटेकवाल्यांमध्येही पसरला होता. १५ डिसेंबर २०२२ला तो अधिकृतपणे बंद झाला. त्यात प्रबंध लिहिणाऱ्यांनी काय केलं? दुसरा एडिटर बसवला आणि तीच फाइल उघडली. शॉर्टकट नव्याने शिकावे लागले, चारदोन दिवस बोटं अडखळली, एवढंच. विंडोजवर एके काळी घरोघरी असलेल्या टेकनिकसेंटरचंही असंच झालं. तो मागे पडला, पण त्यात लिहिलेलं काहीच त्याच्यासोबत गेलं नाही.

मराठी वाचकाला हा फरक वेगळा समजावून सांगायला नको. युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर ज्या त्या फॉन्टच्या खाजगी सांकेतिक मांडणीत लिहिला जाई. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसे. किती दिवाळी अंकांची, किती प्रबंधांची हस्तलिखितं अशा फाइलींत अडकून पडली आहेत! लिहिण्याचं साधन आणि लिहिलेला मजकूर यांची गाठ पक्की बसली, की साधन जुनं झालं म्हणजे मजकूरही हातचा जातो. लाटेकच्या दुनियेत ही गाठ मुळातच नाही. एडिटर निवडताना ती आपल्या हाताने मारून घेऊ नये.

आता दुसरी बाजू. लाटेक मुळातच अवघड आहे असं म्हणणारे, आणि पडद्यावर जे दिसतं तेच कागदावर यावं असा आग्रह धरणारे लोक काही अडाणी नाहीत. ही कल्पना १९७४मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात ‘ब्राव्हो’ या प्रोग्रॅममधून साकार झाली. त्याचे एक कर्ते चार्ल्स सिमोनी पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि वर्ड घडवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. २०१४च्या डिसेंबरमध्ये जर्मनीतल्या गीसन विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात एक तुलना प्रसिद्ध केली. चाळीस जणांना ठरावीक वेळात नमुन्याबरहुकूम मजकूर तयार करायला दिला. काही वर्डवर, काही लाटेकवर, दोन्हींत नवखेही आणि सरावलेलेही. सलग मजकूर आणि तक्ता यांत वर्डवाले पुढे राहिले, सरावलेले लाटेकवालेसुद्धा मागे पडले. समीकरणांच्या मजकुरात मात्र लाटेकची सरशी झाली. लाटेक वापरणाऱ्यांना काम करताना आनंद जास्त वाटला, असंही त्यात नोंदवलेलं आहे.

ही तुलना लाटेकवाल्यांना झोंबली. तिच्यातलं खरं आहे ते मान्य करायला हवं : तक्ता बनवणं हे लाटेकमधलं किचकट काम आहे, आणि दोन पानी अर्जासाठी लाटेक काढून बसण्यात अर्थ नाही. पण समोरच्या पानाची हुबेहूब नक्कल अर्ध्या तासात करणं, हे कोणत्याच लेखकाचं रोजचं काम नसतं. प्रबंध तीन वर्षं लिहिला जातो. त्यात प्रकरणं पुढेमागे होतात, आकृती क्रमांक सातची नऊ होते, दोनशे संदर्भांमध्ये पन्नासांची भर पडते आणि शेवटच्या महिन्यात मार्गदर्शक समासच बदलायला सांगतात. लाटेकचा कस तिथे लागतो, आणि एडिटरचाही. अर्ध्या तासाच्या परीक्षेत ते मोजलं जात नाही.

या दोन बाजूंच्या मध्ये लिक्स उभा आहे. मॅथियास एट्रिश या जर्मन विद्यार्थ्याने तो १९९५मध्ये सुरू केला. लिक्समध्ये समीकरण पडद्यावर दिसतं, शीर्षक शीर्षकासारखं दिसतं, पण पानाचं अंतिम रूप टेकच ठरवतो. ज्यांना आज्ञा पाठ करायच्या नाहीत त्यांना तो खरोखर उपयोगी आहे. मात्र त्याची फाइल त्याच्या स्वतःच्या स्वरूपात असते. तिच्यातून लाटेक काढता येतं, पण दुसऱ्याने त्या लाटेकमध्ये केलेले बदल लिक्समध्ये परत आणताना काही ना काही निसटतं. एकट्याने लिहायचं पुस्तक असेल तर हरकत नाही. चार सहलेखक आणि एक नियतकालिक असेल तर लिक्स टाळलेला बरा. निबंध स्वीकारला गेल्यावर मूळ फाइल प्रकाशकाकडे जाते, तिथून बहुधा चेन्नई, पुदुच्चेरी किंवा तिरुवनंतपुरमच्या एखाद्या जुळणी-कचेरीत पोहोचते, आणि तिथला माणूस ती त्याच्या एडिटरमध्ये उघडतो. टेक वापरणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय परिषद २००२ आणि २०११ अशी दोनदा तिरुवनंतपुरमला भरली, त्यामागे हाच व्याप आहे.

जुन्याजाणत्यांना विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं : ईमॅक्स किंवा व्हिम. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. ईमॅक्समध्ये लाटेकसाठी ऑकटेक नावाची जोडणी आहे. डेन्मार्कमधल्या ऑलबोर्ग विद्यापीठात ती सुरू झाली. त्या वेळच्या विद्यापीठाच्या नावाची आद्याक्षरंच तिच्या नावात आहेत. दोन कळा दाबल्या की ती विचारते, कोणतं एन्व्हायरन्मेंट हवं? ‘इक्वेशन’ म्हटलं की सुरुवातीची आणि शेवटची अशा दोन्ही ओळी मांडून कर्सर मधोमध ठेवते. म्हणजे ‘बिगिन’ला ‘एंड’ न मिळण्याचा प्रश्नच मिटला. व्हिम हा ब्राम मोलेनार यांनी १९९१मध्ये जगासमोर ठेवला आणि २०२३मध्ये मृत्यू येईपर्यंत सांभाळला. त्यात वाक्य, परिच्छेद, कंसातला मजकूर अशा एककांवर दोन-तीन कळांत काम होतं. दहा वर्षं ज्यांनी हे केलं आहे त्यांचे हात चालताना पाहणं हा खरोखर सुंदर अनुभव असतो.

पण ती दहा वर्षं मोजली पाहिजेत. प्रबंधाला दीड वर्ष उरलेल्या विद्यार्थिनीला ईमॅक्स शिकायला बसवणं, हे पोहायला शिकण्यासाठी पुराच्या दिवशी नदीवर नेण्यासारखं आहे. स्वतः कनूथ ईमॅक्समध्येच लिहितात हे खरं. तेच कनूथ पहिला खर्डा पेन्सिलीने कागदावर लिहितात आणि नंतर संगणकाकडे वळतात, हेही तितकंच खरं. त्यांच्या एडिटरचं नाव उचलायचं आणि पेन्सिल सोडून द्यायची, याला अनुकरणसुद्धा म्हणता येणार नाही.

नवख्यांचा प्रश्न मॅकवर एका साध्या प्रोग्रॅमने सोडवला. ऑरेगन विद्यापीठातले गणिती रिचर्ड कोच यांनी टेकशॉप बनवला. डावीकडे मजकूर, उजवीकडे पीडीएफ, एक बटण. २००२मध्ये त्याला ॲपलचा डिझाइन पुरस्कार मिळाला. जोनाथन क्यू यांनी तोच साधेपणा विंडोज आणि लिनक्सवर आणला, तो टेकवर्क्स. त्यात बटणं मुद्दामच कमी ठेवली आहेत : एक हिरवा बाण, त्याशेजारी कोणतं टेक चालवायचं याची यादी, बस्स. पहिल्या आठवड्यासाठी याहून चांगलं काही नाही.

टेकस्टुडिओ याच्या पुढची पायरी. २००९मध्ये तो टेकमेकर या एडिटरपासून वेगळा झाला. लाटेकची फाइल दोनतीनदा का चालवावी लागते हे ज्याला कळलं, त्याला टेकस्टुडिओची किंमत कळते. ‘समीकरण ४.३ पाहा’ असं लिहायचं तर लेखक क्रमांक लिहीत नाही, समीकरणाला दिलेलं टोपणनाव लिहितो. पहिल्या फेरीत टेक सगळी टोपणनावं आणि त्यांचे क्रमांक एका बाजूच्या फाइलमध्ये टिपून ठेवतो, दुसऱ्या फेरीत तिथून उचलून जागच्या जागी बसवतो. टोपणनाव लिहिताना एक अक्षर चुकलं तर पीडीएफमध्ये क्रमांकाऐवजी दोन प्रश्नचिन्हं उमटतात. दोनशे पानांच्या प्रबंधात एकशे एकाहत्तराव्या पानावरची ती दोन प्रश्नचिन्हं लेखकाच्या नजरेतून हमखास सुटतात, आणि बहिःस्थ परीक्षकाच्या नजरेला हमखास पडतात. टेकस्टुडिओ असं अनाथ टोपणनाव लिहितानाच खुणेने दाखवतो. ठाऊक नसलेली आज्ञाही तशीच. कंसाचं सांगितलं ते इथेही लागू आहे : चूक घडली त्याच ओळीवर, घडली त्याच क्षणी दिसते.

याच्या जोडीला सिंकटेक. झेरोम लोरेन्स यांनी केलेली ही सोय आज जवळजवळ प्रत्येक एडिटरमध्ये आहे. पीडीएफमधल्या शब्दावर क्लिक केलं की मूळ फाइलमधली तीच ओळ समोर येते, आणि उलटही होतं. मार्गदर्शकांनी छापील प्रतीवर लाल शाईने केलेल्या खुणा मूळ फाइलमध्ये उतरवताना दिवस वाचतात. जो एडिटर हे करत नाही, त्याचा विचार करू नये. मायक्रोसॉफ्टचा व्हीएस कोड आणि त्यातली लाटेक वर्कशॉप ही जोडणी यांतही हे सगळं मिळतं. ज्यांचं निम्मं काम प्रोग्रॅमिंगचं आहे त्यांनी वेगळा एडिटर शोधायचं कारण नाही.

आजच्या बहुतेक विद्यार्थ्यांनी मात्र यांतला एकही एडिटर पाहिलेला नसतो. त्यांच्यासाठी लाटेक म्हणजेच ओव्हरलीफ. जॉन हॅमर्सली आणि जॉन लीस-मिलर यांनी २०१२मध्ये ब्राउझरमध्ये चालणारी ही सेवा सुरू केली, आणि २०१७मध्ये तिची प्रतिस्पर्धी शेअरलाटेक तिच्यात सामील झाली. तिने केलेलं काम मोठं आहे. टेकची पूर्ण मांडणी संगणकावर बसवायला काही गिगाबाइट जागा आणि एक संध्याकाळ लागते. ओव्हरलीफमध्ये खातं उघडलं की पाचव्या मिनिटाला पहिलं समीकरण पानावर येतं. पुण्यातला लेखक आणि परदेशातला सहलेखक एकाच परिच्छेदावर एकाच वेळी काम करू शकतात. लाटेकची भीती घालवण्यात ओव्हरलीफइतका वाटा गेल्या दशकात दुसऱ्या कशाचा नसेल.

तरीही प्रबंधासारखं मोठं काम फक्त तिथेच ठेवणं चुकीचं आहे. फुकट खात्यात कंपाइल करायला वेळेची मर्यादा असते. एका प्रकरणाला ती पुरते, पण आकृत्यांनी भरलेला अख्खा प्रबंध तिच्यात मावत नाही, आणि हे नेमकं सादर करायच्या आठवड्यात कळतं. फाइलीच्या बदलांचा इतिहास स्वतःच्या संगणकावर गिटने आणायची सोय सशुल्क योजनेत आहे. वसतिगृहातलं इंटरनेट रात्री अकराला गेलं तर वाक्यातला स्वल्पविरामही बदलता येत नाही. सगळ्या फाइली एकत्र उतरवून घ्यायचं बटण मात्र फुकट खात्यातही आहे. दर शुक्रवारी ते दाबावं आणि ती प्रत आपल्या संगणकावरच्या एडिटरमध्ये एकदा कंपाइल करून पाहावी. सहलेखनासाठी ओव्हरलीफ जरूर वापरावं. घर मात्र आपल्या डिस्कवर असावं.

लिहायची भाषा मराठी असेल तर हे सगळे निकष आणखी कडक होतात, आणि या बाबतीत मराठीत फारसं कोणी बोलत नाही.

टेकमध्ये देवनागरी आली ती वळसा घेऊन. १९९१मध्ये नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठातले फ्रान्स वेल्टहाउस यांनी केलेल्या व्यवस्थेत मजकूर रोमन अक्षरांत लिहायचा असे. ट, ड, ष यांच्याआधी टिंब द्यायचं, दीर्घ स्वर दुहेरी लिहायचा. मग एक वेगळा प्रोग्रॅम त्याची देवनागरी करी. २००४मध्ये जोनाथन क्यू यांनीच, म्हणजे टेकवर्क्सच्या कर्त्यांनीच, झीटेक आणला आणि युनिकोड देवनागरी थेट लिहिता येऊ लागली. आज त्यासाठी लागणारे फॉन्ट घरचे आहेत. आयआयटी मुंबईने सिद्ध केलेला शोभिका हा फॉन्ट टेकच्या जागतिक भांडारात आहे, आणि त्याची देवनागरी राज्य मराठी विकास संस्थेच्या यशोमुद्रेवरून घेतलेली आहे.

पण मराठीत लाटेक लिहायला बसलं की पहिली ठेच कळफलकावर लागते. इनस्क्रिप्ट मांडणीत बॅकस्लॅशच्या कळीवर ‘ॉ’ आहे. शिफ्ट दाबून उघडता महिरपी कंस द्यावा तर ‘ढ’ येतो, मिटता द्यावा तर ‘ञ’. टक्क्याच्या जागी ‘ज्ञ’, तक्त्याचे रकाने वेगळे करणाऱ्या अँपरसँडच्या जागी ‘क्ष’. म्हणजे लाटेक ज्या मोजक्या चिन्हांवर उभं आहे, तीच मराठी कळफलकावरून गायब. प्रत्येक आज्ञेसाठी इंग्रजीत जायचं आणि परत यायचं. एका पानात हे पन्नास वेळा होतं. इंग्रजीत लिहिणाऱ्याला आपोआप पुरी होणारी आज्ञा ही चैन वाटेल. मराठीत लिहिणाऱ्याची ती गरज आहे.

व्हिमची पंचाईत तर याहून मोठी. त्यात लिहिण्याची आणि आज्ञा देण्याची अवस्था वेगळी असते. ओळ काढायला इंग्रजी ‘डी’ दोनदा दाबतात. संगणकाचा कळफलक इनस्क्रिप्टवर असेल तर तीच कळ हलन्ताची, आणि दोन हलन्त मिळून व्हिमला काहीच समजत नाही. व्हिमच्या आतला कळनकाशा वापरून यातून वाट काढता येते, पण तो टर्मिनलमध्ये चालत असेल तर अक्षरांचीच दैना असते. टर्मिनल प्रत्येक अक्षराला एकसारखा चौकोन देतो, आणि आपली जोडाक्षरं, वेलांट्या अन् रफार त्या चौकोनांत मावत नाहीत. ईमॅक्सची गोष्ट निराळी. त्याची स्वतःची इनस्क्रिप्ट पद्धत आहे. कंट्रोल आणि बॅकस्लॅश दाबले की ती चालू-बंद होते आणि कंट्रोलच्या आज्ञांना धक्का लागत नाही. २०२०मध्ये आलेल्या सत्ताविसाव्या आवृत्तीपासून अक्षरं जुळवायचं काम हार्फबझ करतं, त्यामुळे देवनागरी पडद्यावर नीट दिसते. वर ईमॅक्सबद्दल जे म्हटलं त्याला हा एक अपवाद करावा लागेल : ज्याला सगळं पुस्तकच मराठीत लिहायचं आहे आणि ज्याच्या हाताशी दोनतीन वर्षं आहेत, त्याने ईमॅक्स शिकायचे कष्ट घ्यावेत.

बाकीच्यांनी निदान एवढं करावं. बहुतेक एडिटर मुळात पीडीएफलाटेकवर लावलेले असतात आणि त्याला युनिकोड देवनागरी दिली की पहिल्याच ओळीवर तो अडतो. हे पाहून कित्येक जण ‘लाटेकमध्ये मराठी येत नाही’ असं ठरवून मोकळे होतात. फाइलच्या अगदी वर, टक्क्याच्या चिन्हापुढे, झीलाटेक वापरावं अशी एक ओळ लिहिता येते. टेकशॉप, टेकवर्क्स आणि टेकस्टुडिओ, तिन्ही ती ओळ वाचतात आणि आपोआप योग्य टेक चालवतात. टेकच्या दृष्टीने ती निव्वळ टिप्पणी असल्यामुळे फाइल कुठेही नेली तरी बिघडत नाही. एडिटरने फाइलमध्ये काही लिहायचंच असेल तर ते असं लिहावं.

आणखी एक सवय आहे, तिला एडिटर लागत नाही. ब्रायन कर्निघन यांनी १९७४मध्ये युनिक्सच्या नवशिक्यांसाठी लिहिलेल्या टिपणात सांगितलं होतं की मजकूर टंकताना प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर सुरू करा. टेक एकेरी ओळबदलाला जागेइतकंच मानतो, त्यामुळे पीडीएफमध्ये परिच्छेद सलगच दिसतो. पण ‘त्रुटी ओळ २४१वर’ असं टेक म्हणतो तेव्हा ती एका वाक्याकडे बोट दाखवते, अर्ध्या पानाच्या परिच्छेदाकडे नाही. सहलेखकाने काय बदललं हे पाहतानाही एक वाक्य दिसतं, गोळा झालेला परिच्छेद दिसत नाही.

तेव्हा निवाडा असा. पहिला आठवडा टेकवर्क्स, मॅकवर टेकशॉप. त्यानंतर प्रबंध संपेपर्यंत टेकस्टुडिओ; रोज प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांसाठी व्हीएस कोड. सहलेखक असतील तेव्हा ओव्हरलीफ, आठवड्याला एक प्रत घरी आणायच्या अटीवर. ईमॅक्स किंवा व्हिम ज्याला आवडीने शिकायचं आहे त्याने प्रबंध सादर झाल्यानंतरच्या सुट्टीत शिकावं. विद्यापीठांनीही पीएच.डी.च्या अभ्यासक्रमात संशोधनपद्धती शिकवताना यासाठी एक दुपार राखून ठेवावी. आज हे ज्ञान वरच्या वर्गातल्या कोणाकडून तरी, तोंडी आणि अर्धवट पोहोचतं.

आणि तुम्ही जो काही एडिटर निवडाल, त्यात आपली सगळ्यात मोठी फाइल उघडा. मधल्याच एका तळटिपेचा मिटता कंस मुद्दाम खोडा, आणि एडिटर तुम्हाला कोणत्या ओळीवर नेतो ते पाहा. कंस परत घाला, मग तीच फाइल जशीच्या तशी दुसऱ्या एखाद्या एडिटरमध्ये उघडून कंपाइल करा. या दोन्हींना मिळून दहा मिनिटं लागतात.